५० राउंड मारले म्हणजे पिस्तूल तपासून झालं?

खटका_जपून:
काल एकाने लिहिलंय, "नवीन कॉम्पॅक्ट नाइन एमएम घेतलं, रेंजवर ५० राउंड मारले, एकदाही अडकलं नाही, आता डोळे झाकून भरवसा." खाली नुसती अभिनंदनं. मला राहवलं नाही. ५० मध्ये शून्य बिघाड म्हणजे बिघाड नाहीच असं नसतं हो! साधा ठोकताळा आहे, एकही बिघाड आला नाही तर खरा दर जास्तीत जास्त ३ भागिले राउंड धरायचा. म्हणजे ५० नंतरसुद्धा खरा दर शंभरात ६ पर्यंत असू शकतो, १५ च्या मॅगझिनमागे जवळजवळ एक. २०० मारलेत तर शंभरात दीडवर येतो. माझं स्वतःचं १२० राउंडपर्यंत छान चाललं आणि मग पुंगळी बाहेरच पडेना, स्लाइडमध्ये, म्हणजे वरच्या मागेपुढे सरकणाऱ्या भागात, उभी अडकली, तीन वेळा. उघडलं तर एक्स्ट्रॅक्टरखाली, म्हणजे पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याखाली, घाण. ५० वर थांबलो असतो तर कळलंच नसतं.

रिकामी_पुंगळी:
गणित बरोबर, जागा चुकीची. बिघाड फासे टाकल्यासारखे येत नाहीत. बहुतेकदा एका ठरावीक मॅगझिनचा दोष असतो, नाहीतर गोळीचा, नाहीतर हाताचा. एकाच मॅगझिनमधून २०० मारले आणि दुसरं पेटीतच राहिलं तर काय तपासलं? मॅगझिनच्या बुडावर नंबर घाला, काही अडकलं की नंबर लिहून ठेवा, गोल टोकाच्या गोळ्यांबरोबर हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळीही चालवून बघा, कारण नळीत चढायच्या उतारावर, रॅम्पवर, ती अडू शकते. आणि राग मानू नका, पण तुमची ती उभी पुंगळी म्हणजे मनगट ढिलं पडलं आणि स्लाइड पुरती मागे गेली नाही, असं असणार.

खटका_जपून:
१४ वर्षं मारतोय मी. मनगट मला शिकवू नका. घाण डोळ्यांनी बघितलीय.

मधली_लेन:
मनगटाचं निघालंच आहे तर बोलते. "हात लहान आहेत ना, छोटं घ्या, सोपं जाईल" हे ऐकून ऐकून कंटाळले मी. उलट आहे सगळं. गोळी तीच, ११५ ग्रेन म्हणजे साधारण साडेसात ग्रॅम, पण पिस्तूल हलकं म्हणून धक्का जास्त, करंगळीला जागा नाही, आणि स्लाइड छोटी म्हणून स्प्रिंग इतकी कडक की पहिल्या दिवशी मला ती ओढताच येईना. मागे उभा असलेला एकजण हसला होता. मोठं पिस्तूल हातात घेतलं आणि त्याच दिवशी सगळ्या गोळ्या कागदावर.

एक_कान:
सगळं वाचलं. कानाबद्दल एकाने तरी लिहिलंय का? त्या मूळ पोस्टच्या फोटोत बंद रेंज आहे आणि माणसाच्या कानात फोमचे बोळे, तेही अर्धे बाहेर. नाइन एमएमचा बार १६० डेसिबलच्या आसपास असतो, १४० च्या वर एकच बार कायमची इजा करू शकतो. माझा डावा कान असाच गेला. नवीन पिस्तूल मारून बघत होतो, शेजारच्याशी बोलायला कान झाकणारा मफ वर केला, तेवढ्यात पलीकडच्या लेनमध्ये बार झाला. ९ वर्षं झाली, शिट्टी अजून वाजतेय, रात्री पंख्याच्या आवाजाशिवाय झोप नाही.

रिकामी_पुंगळी:
वाईट वाटलं, पण विषय पिस्तुलाच्या भरवशाचा आहे. दरवेळी तुम्ही कानावर आणून ठेवता.

एक_कान:
आणणारच! ज्याच्या डोक्यात २४ तास वाजतंय त्याने गप्प बसायचं का? आणि विषय हाच आहे. माणूस धक्क्याइतकाच आवाजाला दचकतो, चाप दाबायच्या आधीच हात खाली ढकलतो, उजव्या हाताच्या माणसाची गोळी खाली डावीकडे जाते, मग मागची साइट, नेम धरायची खूण, सरकवत बसतात. मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी गोळी घाला, बार होणार नाही आणि हात खाली जातो का ते दिसेल.

मधली_लेन:
मी बोळे आणि वरून मफ दोन्ही घालते. ३० आणि २५, झाले ५५ डेसिबल कमी.

एक_कान:
नाही हो ताई, बेरीज होत नाही. जे जास्त चांगलं त्यात साधारण ५ ची भर, बस. तरी दोन्ही घालाच.

रिकामी_पुंगळी:
दचकण्याचं बरोबर आहे, मान्य. माझंही त्यानेच सुधारलं होतं, बोळे घातल्यावर. पण साइटचा दोषही असतो कधीकधी.

नवीन_लेन:
ती पोस्ट माझी. आनंदात लिहिलं होतं, एवढी उलटतपासणी होईल वाटलं नव्हतं, आणि ५० वर कुणी हसावं हे मला पटलेलं नाही. पण दुसरं मॅगझिन पेटीत आहे हे खरं. आणि त्या रात्री कान बधिर झाल्यासारखे वाटत होते, ते लिहिलं नव्हतं. रविवारी मफ घेऊन जातो, दोन्ही मॅगझिनवर नंबर घालतो.

एक_कान:
मफ आधी घ्या. गोळ्या नंतर.

खटका_जपून:
नंबर मी घातले नव्हते. तीन वेळा अडकलं तेव्हा कुठलं मॅगझिन होतं ते आज सांगता येणार नाही. घाण मात्र होती.