इव्हरमेक्टिन चालू असताना बुरशीची गोळी द्यावी का? (कुत्रा, डिचोली)

आबोली:
आमचा टिपू गावठी, चार वर्षांचा, 18 किलो. जूनपासून डोळ्यांभोवतीचे आणि पुढच्या पायांवरचे केस गेले. कातडी खरवडून तपासली तर डेमोडेक्सचे किडे निघाले. तीन आठवडे रोज तोंडावाटे इव्हरमेक्टिन चालू आहे. आता या पावसात पंजे आणि कान ओशट झालेत, कुबट वास येतो. नेहमीचे डॉक्टर रजेवर, म्हणून दुसरीकडे नेलं. त्यांनी बुरशी सांगून केटोकोनाझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. इव्हरमेक्टिनचं सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. दोन्ही एकत्र चालतात का? त्वचेचं नीट बघणारा दवाखानाही सुचवा.

मांडवीकाठ:
ताई, ती गोळी अजून देऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. इव्हरमेक्टिन मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या रक्तवाहिन्यांत एक प्रथिन पंपासारखं काम करतं, आत येणारं औषध परत रक्तात ढकलतं. केटोकोनाझोल तो पंप अडवतं आणि यकृताचं कामही मंदावतं. मग औषध अंगात साचत जातं. हृदयातले जंत होऊ नयेत म्हणून किलोमागे 6 मायक्रोग्रॅम पुरतात, डेमोडेक्सला 300 ते 600 द्यावे लागतात. कोली जातीच्या बऱ्याच कुत्र्यांत हा पंप जन्मतःच बिघडलेला असतो, त्यांना हा मोठा डोस देतच नाहीत. गावठीचा पंप सहसा धड असतो, पण आपणच गोळी देऊन तो अडवायचा कशाला? पिसवांसाठी कोणी परदेशातून स्पिनोसॅडची गोळी आणून दिली असेल तर तीही इव्हरमेक्टिनसोबत नको.

बाहुल्या मोठ्या दिसल्या, लाळ गळू लागली, चालताना तोल गेला, अंग थरथरलं तर रात्र असली तरी थांबू नका. यावर उतारा नाही. सलाईन लावून, जपून दिवस काढावे लागतात.

म्हादई:
खाज थांबावी म्हणून परस्पर प्रेडनिसोलोनही देऊ नका. स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबते आणि डेमोडेक्स आणखी पसरतो. आमच्या राणीला खाजेसाठी प्रेडनिसोलोन चालू होतं. त्यातच ती लंगडायला लागली, म्हणून फार्मसीतून मेलॉक्सिकॅम हे दुखण्याचं औषध आणून दिलं. चौथ्या दिवशी शी डांबरासारखी काळी. पोटात व्रण होऊन रक्त जात होतं. वाचली ती, पण ते आठ दिवस आठवले की अजून माझा जीव गोळा होतो. दोन्ही औषधं घरातच होती आणि मी एकाही डॉक्टरला दुसऱ्याचं सांगितलं नव्हतं.

किडे-गोचिडांवरच्या अमिट्राझने आंघोळ घालत असाल तर तेही सांगा. गुंगीचं झायलाझिन त्यावर दिलं तर दोन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो, हृदयाचे ठोके मंदावतात.

मांडवीकाठ:
दवाखान्याचं म्हणाल तर पणजीत टोंकला सरकारी पशुवैद्यकीय रुग्णालय आहे. खाजगीत जिथे कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तिथेच जा. जाताना सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, गोचिडांचं औषधसुद्धा.

आबोली:
फोन लागला. केटोकोनाझोल बंदच ठेवायला सांगितलं, एकही गोळी दिली नव्हती. बुरशीसाठी क्लोरहेक्सिडिन-मायकोनाझोलचा शॅम्पू दिलाय, दहा मिनिटं अंगावर ठेवून धुवायचा. पुढच्या तपासणीत इव्हरमेक्टिन थांबवून फ्लुरालनर द्यायचं का ते ठरवतील, त्याने गोचीडही मरतात. टिपूला कधी फिट आली होती का हे त्यांनी दोनदा विचारलं. कधीच नाही. पहिली आंघोळ आज संध्याकाळी घातली, आता ओसरीवर झोपलाय.