मदत हवी आहे: रूट कॅनल डिसेंबरात आणि कॅप जानेवारीत, डेंटल इन्शुरन्सला हे चालतं का? (अमेरिका)

नमस्कार मंडळी,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. नवऱ्याची खालची दाढ रात्र रात्र ठणकते आहे. एक्स-रेमध्ये कीड पार नसेपर्यंत पोचलेली दिसली, म्हणजे रूट कॅनल आणि वर कॅप अटळ. डेंटिस्टकडून एस्टिमेटचा कागद मिळाला, पण तळाशी 'हा केवळ अंदाज आहे, कंपनीने न दिलेली रक्कम पेशंटने भरावी' असं छापलंय. तिथेच माझं घोडं अडलंय.

इन्शुरन्स नवऱ्याच्या कंपनीतून आहे, पीपीओ प्रकारचा (म्हणजे कंपनीशी दर ठरवलेल्या, 'नेटवर्क'मधल्या डॉक्टरांकडे स्वस्त, पण बाहेरच्यांकडेही जाता येतं). माहितीपत्रक वाचून मला कळलं ते असं: तपासणी आणि क्लीनिंगचे १०० टक्के, फिलिंग आणि रूट कॅनलचे ८०, कॅपचे ५०. सुरुवातीचे ५० डॉलर डिडक्टिबल म्हणून आपले. कंपनी वर्षाला जास्तीत जास्त १५०० डॉलर देणार. हेल्थ इन्शुरन्समध्ये आपल्या खिशातून किती जाईल याला मर्यादा असते, इथे मर्यादा कंपनीच्या खिशाला आहे. ते १५०० संपले की पुढचं सगळं आपलं. हे लक्षात आल्यावर छातीत धस्स झालं.

आता हिशोब. यंदाच्या क्लीनिंग आणि एक्स-रेचे २६० त्या १५०० मधूनच वळते झालेत, उरले १२४०. रूट कॅनल १०००, दाढेची भर (कॅपआधी दाढेचा गेलेला भाग भरून काढणं) २००, कॅप १२००. भरीलाही ५० टक्केच धरलेत. टक्केवारीने कंपनीचा वाटा १४६० होतो, पण मिळणार १२४०. आम्हाला भरावे लागणार ११६०. कॅप जानेवारीत केली तर नवीन वर्षाचे १५०० सुरू होतात. डिडक्टिबल पुन्हा भरूनही आमचा खर्च ९६५ वर येतो. हे असं विभागणं नियमात बसतं का? आणि तोवर दाढेला धोका नाही ना?

आणखी एक. याच जबड्यातली दुसऱ्या बाजूची दाढ त्याने लग्नाआधी नाशिकला काढून घेतली होती. डेंटिस्ट तिथे इम्प्लांट सुचवताहेत. पॉलिसीत इम्प्लांट ५० टक्के लिहिलंय, मग रिसेप्शनवरची बाई 'मिळेलच असं नाही' असं का म्हणाली?

जाणकारांनी कृपया सांगा. दुखणं अंगावर काढायला नको आणि पैसेही उगाच जायला नकोत.

प्रतिसाद

मी डेंटल ऑफिसात बिलिंग बघते, म्हणून लिहिते. विभागणं पूर्ण नियमात आहे, पेशंट नेहमी करतात. रूट कॅनल मात्र अजिबात लांबवू नका. जंतुसंसर्ग पसरला तर प्रकरण गळ्याशी येतं.

कॅपबाबत कंपनीला एकच प्रश्न विचारा: तुम्ही कॅपसाठी दाढ घासून तयार केल्याची तारीख धरता की कॅप बसवल्याची? बसवल्याची धरत असतील, तर डिसेंबरअखेर माप देऊन तात्पुरती कॅप लावता येते आणि पक्की जानेवारीत. घासल्याची धरत असतील तर कॅपचं सगळंच काम जानेवारीत. तोवर त्या बाजूने चावायचं नाही, रूट कॅनल झालेली दाढ ठिसूळ असते, चिरली तर काढावीही लागू शकते. डेंटिस्ट 'थांबू नका' म्हणाले तर १९५ डॉलरसाठी थांबू नका. आणि तुमच्या पॉलिसीचं वर्ष जानेवारीतच सुरू होतं ना, हे बघा. काही कंपन्यांचं जुलैत होतं.

इम्प्लांटचं कारण बहुधा 'मिसिंग टूथ क्लॉज'. पॉलिसी घेण्याआधीच गेलेल्या दाताच्या जागी काही बसवलं तर अशा प्लॅनमध्ये पैसे मिळत नाहीत, मग माहितीपत्रकात ५० टक्के लिहिलेले का असेनात. सगळ्याच प्लॅनमध्ये ही अट नसते. काम सुरू करण्याआधी ऑफिसकडून 'प्रीडिटर्मिनेशन' पाठवायला सांगा. कंपनीकडून लेखी उत्तर येतं. तेही हमीपत्र नाही, पण कागदावरच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचं. दाढेच्या कॅपसाठीही तेच करा, कारण काही प्लॅन मागच्या दातांना सिरॅमिक कॅप लावली तरी धातूच्या कॅपच्याच दराने पैसे देतात आणि फरक तुमच्या माथी येतो.

रूट कॅनल तुमचे डेंटिस्टच करणार की स्पेशालिस्टकडे पाठवणार? स्पेशालिस्टही नेटवर्कमधले आहेत ना, हे स्वतः फोन करून विचारा. नेटवर्कमधल्याला ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही, बाहेरचा उरलेला फरक मागू शकतो.

धागाकर्ती

ताई, मनापासून आभार. स्पेशालिस्टकडेच पाठवलंय आणि त्यांच्या नेटवर्कचं आम्ही विचारलंच नव्हतं, उद्या सकाळी फोन करते. नवऱ्याच्या ऑफिसात सध्या पुढच्या वर्षाच्या बेनिफिट्सची निवड चालू आहे. एफएसए (पगारातून टॅक्सआधी औषधपाण्यासाठी बाजूला काढायचे पैसे) घेतलं तर कॅपचा आमचा वाटा त्यातून देता येईल का?

प्रतिसाद

हो, जरूर घ्या. हेल्थ एफएसएची वर्षभराची रक्कम पहिल्या दिवसापासून वापरता येते आणि त्यावर फेडरल टॅक्स लागत नाही. पण तुमच्या वाट्याचा अंदाज आल्यावर तेवढीच रक्कम टाका, न वापरलेले पैसे वर्षअखेरीस बुडू शकतात. इम्प्लांटचं उत्तर निवडीची मुदत संपण्याआधी आलं तर तोही आकडा त्यात धरा.