विशीतल्या मुलांना ‘अकाउंट बंद कर’ सांगणाऱ्यांसाठी

उंबरठा
विशीतलं कुणी उदास किंवा चिडचिडं दिसलं की घरचे, शिक्षक, थोरले मित्र सगळे एकच औषध सांगतात: ‘ते अकाउंट बंद कर, आपोआप बरं वाटेल.’ माझं म्हणणं असं की सोशल मीडियाचा त्रास खरा आहे, पण तो मन कमकुवत असल्यामुळे होत नाही. आणि एकट्याने अकाउंट बंद केलं म्हणून तो पुरता जातही नाही.

फेसबुक २००४ साली हार्वर्डमध्ये सुरू झालं आणि मग अमेरिकेतल्या एकेका कॉलेजात पोचत गेलं. कुठे आधी, कुठे नंतर. ब्रागिएरी, लेव्ही आणि माकारिन या अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हा मागेपुढेपणा वापरला. फेसबुक आल्यावर त्या त्या कॉलेजातल्या मुलांच्या मानसिक आरोग्याच्या पाहणीत काय बदललं, हे त्यांनी तपासलं. नैराश्याची लक्षणं वाढलेली दिसली (अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला). तेव्हा रील नव्हते. लाइकचं बटणसुद्धा २००९चं. होती ती फक्त इतरांची प्रोफाइलं, आणि त्यांच्याशी होणारी तुलना. लेखकांचाही रोख तुलनेवरच आहे.

मग सोडत का नाहीत? शिकागो विद्यापीठाचे लिओनार्डो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना विचारलं, चार आठवडे अकाउंट बंद ठेवायचे किती पैसे घ्याल? टिकटॉकसाठी सरासरी ५९ डॉलर, इन्स्टाग्रामसाठी ४७. पुढचा प्रश्न: तुमच्यासकट सगळ्यांचंच बंद होणार असेल तर? तेव्हा हीच मुलं उलट पदरचे पैसे मोजायला तयार झाली, टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर. म्हणजे ते नसतं तर बरं, असं वाटणारी मुलंही तिथेच बसलेली आहेत, कारण बाकीचे तिथे आहेत. अशा माणसाला संयमाचे धडे देऊन काय साधणार?

आकडेमोड
असहमत. बर्स्टिन यांचा प्रयोग मलाही आवडतो, पण त्यातून लोकांना काय *वाटतं* ते कळतं. मानसिक आरोग्य *बिघडतं* हे त्यातून सिद्ध होत नाही.

एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रशिबिल्स्की या मानसशास्त्रज्ञांनी २०१९ साली साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलांचा विदा (डेटा) चाळला. मुलामुलांच्या स्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के डिजिटल वापराशी जोडता आला. त्याच आकडेवारीत बटाटे खाण्याचा संबंधही जवळपास तेवढाच निघाला आणि चष्मा लावण्याचा त्याहून वाईट! चष्म्यांवर बंदीची मागणी अजून कुणी केलेली नाही.

शिवाय असे बहुतेक अभ्यास ‘तुम्ही रोज किती वेळ वापरता’ या प्रश्नाच्या उत्तरावर उभे असतात. लोक सांगतात तो वेळ आणि उपकरणात नोंदला जातो तो वेळ यांचा मेळ बेताचाच असतो. कॅन्डिस ऑजर्स यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञ कधीपासून सांगताहेत की बाण उलटाही असू शकतो: आधीच खचलेली मुलं फोनकडे जास्त वळतात. नोकरीची अनिश्चिती, शिक्षणाचं कर्ज, घरातली भांडणं हे सगळं सोडून फोनवर खापर फोडणं सोयीचं आहे, कारण फोन उलटून बोलत नाही.

तिरकस
टीव्ही आला तेव्हा पिढी वाया गेली होती. त्याआधी कादंबऱ्यांनी वाया गेली होती. चालू द्या.

उंबरठा
तिरकस, टीव्हीवरच्या नटीशी तुलना आणि शेजारच्या बाकावरच्या मुलीशी तुलना यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्यांशी, हे मानसशास्त्रज्ञ फेस्टिंगर यांनी १९५४ मध्येच मांडलंय. इथे पडद्यावर येतात ते आपल्याच वयाचे, आपल्याच वर्गातले, आणि तेही त्यांच्या निवडक क्षणांत.

आकडेमोड, ०.४ टक्के ही सरासरी आहे. दहाजणांना काहीच झालं नाही आणि एकाला खूप झालं, तरी सरासरी लहानच येते. आणि तो विदा किशोरांचा आहे; मी बोलतेय कॉलेजातल्या, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलांबद्दल. त्याच ऑर्बेन बाईंचा २०२२चा अभ्यास पाहा, ब्रिटनमधला. वापर वाढला की वर्षभराने आयुष्याबद्दलचं समाधान घटलेलं दिसतं, अशी काही ठरावीक वयं त्यात सापडली. मुलींमध्ये ११ ते १३, मुलांमध्ये १४-१५, आणि दोघांमध्येही पुन्हा १९. एकोणीस! घर सुटतं, जुने मित्र पांगतात, नवे अजून झालेले नसतात ते वय.

अडखळ
मी बोलताना अडखळतो, लहानपणापासून. कॉलेजात वर्गात तोंड उघडायची हिंमत नव्हती. अडखळणाऱ्या मुलांचा एक ऑनलाइन गट सापडला आणि पहिल्यांदा कळलं की फोनवर स्वतःचं नाव सांगताना घाम फुटणारा मी एकटा नाही. तुम्ही ज्याला सापळा म्हणताय, तिथेच मला माझी माणसं भेटली. ‘सगळ्यांचंच बंद झालं तर बरं’ यातल्या ‘सगळ्यां’मध्ये मला धरू नका.

आणि नुसतं बघत बसलं की माणूस खचतो, हेही सरसकट खरं नाही. नेदरलँड्समधल्या किशोरांच्या एका छोट्या अभ्यासात (२०२०) असं नुसतं बघितल्यावर ४६ टक्क्यांना बरं वाटलं, ४४ टक्क्यांना काहीच फरक पडला नाही, १० टक्क्यांना वाईट वाटलं.

उंबरठा
अडखळ, तुमचा गट बंद व्हावा असं मी कुठे म्हटलंय? गट आणि फीड एकाच अॅपमध्ये कोंबलेत, हीच तर तक्रार आहे. गटात दोन ओळी वाचायला गेलेला माणूस अर्ध्या तासाने कुणाच्या तरी साखरपुड्याच्या रीलवर सापडतो. आणि ते १० टक्के मोठ्या वर्गात गेल्यावर बरीच डोकी होतात.

नीज
मी विद्यार्थ्यांचं समुपदेशन करते. तुमच्या वादात झोप कुठेच आली नाही याचं नवल वाटतं. माझ्यासमोर बसलेल्या मुलाला मी ‘किती तास वापरतोस’ विचारत नाही, ‘कधी ठेवतोस’ विचारते. उत्तर बहुतेकदा ‘झोप लागली की’ असं असतं. उदासीत झोप मोडते, मोडलेल्या झोपेने उदासी वाढते, आणि मधल्या जागरणात हातात फोन असतो. कोंबडी आधी की अंडं हा वाद आकडेमोड यांनी खुशाल चालवावा. मला साखळी कुठेतरी तोडायची असते, आणि उशाजवळचा फोन ही त्यातल्या त्यात सोपी कडी आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २०१८ साली १४३ विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट, प्रत्येक अॅपला रोज दहाच मिनिटं, तीन आठवडे. एकटेपणा आणि उदासी कमी झाली, विशेषतः आधी जास्त उदास असलेल्यांची. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त उपयोगी वाटते: ज्यांनी वापर कमी न करता फक्त त्याची नोंद ठेवली, त्यांचीही चिंता थोडी उतरली. म्हणून मी बंद करायला लावत नाही, आधी पाहायला लावते. मात्र आठवडेच्या आठवडे उदासी हटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर अॅपची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जायचं. तिथे मी वाद घालत नाही.

आकडेमोड
झोपेचा मुद्दा मान्य. पण तो फोनचा आहे. रात्री दोनपर्यंत क्रिकेटचे जुने सामने पाहणाराही जागाच असतो.

आणि प्रयोगच काढायचे तर मोठा घ्या. २०१८ सालीच अमेरिकेत सुमारे २,७०० जणांपैकी काहींना चार आठवडे फेसबुक बंद करायला लावलं. रोजचा तासभर मोकळा झाला. बरं वाटण्यातली वाढ? आहे, पण लहान. शिवाय बातम्यांची माहितीही घटली. एवढ्यावर उद्या कायदे होणार. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्यांना बंदी केलीच आहे. पुढचा नंबर कोणाचा, १९ वाल्यांचा?

उंबरठा
प्रौढांवर बंदीच्या मी पूर्ण विरोधात आहे. पण प्रयोगातली पुढची गोष्ट तुम्ही गाळलीत: चार आठवडे संपल्यावरही ती माणसं आधीपेक्षा कमीच वापरत राहिली. एवढं सुख होतं तर धावत का नाही आली?

मला बंदी नकोय, एकत्र ठरवणं हवंय. वसतिगृहाचा मजला, मित्रांचा कंपू, कामावरची टीम. दहाजणांनी मिळून ठरवलं तर कुणाचंच काही चुकत नाही.

पाचवा_बाक
शेवटच्या वर्षाला आम्ही हेच केलं होतं. नोकरीचं पत्र आलं तरी कुणी स्टोरी टाकायची नाही, कारण ज्यांना मिळालं नव्हतं ते पार कोलमडत होते. वर्गाच्या ग्रुपवर सगळ्यांनी होकार दिला. दोघांनी टाकलीच.

आकडेमोड
आणि लाइक किती आले?

पाचवा_बाक
जवळजवळ सगळ्या वर्गाचे. माझाही धरून.