बाबांच्या डोळ्यात धानाचं कुसळ गेलं, मदत हवी आहे

आम्ही साकोलीजवळच्या खेड्यात राहतो. धान मळताना बाबांच्या उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. ते निघालं, पण डोळा लालभडक आहे, पाणी थांबत नाही, उजेड सहन होत नाही, आणि आज बुबुळावर पांढुरका ठिपका दिसतोय. शेजारच्या काकांनी घरातले उरलेले थेंब आणून दिले, शिशीवर डेक्सामेथासोन लिहिलंय, म्हणजे स्टेरॉइड. मी टाकू दिले नाहीत. बुरशीची जखम असेल तर स्टेरॉइडने ती चिघळते. आई मध घाल म्हणते, तेही नको म्हटलं. उद्या पहाटेच्या एसटीने निघतोय. जखम खरवडून तपासणारे नेत्रतज्ज्ञ भंडाऱ्यात भेटतील की थेट नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जाऊ? बुरशीवरचे नाटामायसिनचे थेंब कुठे मिळतील? कृपया आजच सांगा, बाबांना डाव्या डोळ्याने मोतीबिंदूमुळे आधीच कमी दिसतं.