मदत हवी आहे: मराठीतून वेब डिझाइनचा ब्लॉग चालवतेय, वाचक एका लेखापुरते येतात आणि परत फिरकत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात फ्रंट-एंडचं, म्हणजे साईटच्या दिसणाऱ्या भागाचं काम करते आणि गेली दोन वर्षं मराठीत ब्लॉग लिहितेय, विषय वेब डिझाइन आणि युजेबिलिटी, म्हणजे थोडक्यात साईट वापरणाऱ्याला ती न अडखळता वापरता येते का. वर्डप्रेसवर आहे, डोमेन स्वतःचं आहे, ३४ लेख झालेत. इथे ब्लॉगवाले आणि डिझाइनवाले दोन्ही आहेत म्हणून विचारतेय. पोस्ट मोठी होणार आहे, सांभाळून घ्या.

सुरुवातीला इंग्रजीत जे वाचायचे तेच मराठीत मांडायचे. युजेबिलिटीतला तज्ज्ञ याकोब नील्सन, त्याची १९९४ ची दहा तत्त्वं, पाच जणांना साईट वापरायला बसवलं तरी बहुतेक अडचणी कळतात हे त्याचं २००० सालचं म्हणणं, अक्षर आणि मागचा रंग यात ४.५ ला १ इतका तरी फरक हवा हा नियम, असं सगळं. एकेका लेखाला दोन-दोन रविवार गेले. पण ज्यांना हे कामासाठी लागतं ते इंग्रजीतच वाचतात आणि बाकीच्यांना त्याचं काय पडलंय, त्यामुळे वाचक म्हणजे माझेच ऑफिसातले चारपाच जण.

मग गेल्या दिवाळीत साताऱ्याला घरी होते तेव्हा आई फोनवर एक फॉर्म भरत होती. कीबोर्ड मराठी, तिने पिनकोड टाकला ४१५००१ आणि खाली लाल अक्षरात इंग्रजी मेसेज आला, इनव्हॅलिड इनपुट. तिने पुसून परत तेच टाकलं. परत लाल. तिसऱ्या वेळी एकेक आकडा तोंडाने म्हणत टाकला, मग फोन खाली ठेवला, चष्मा पदराने पुसला आणि मला म्हणाली, "अगं, पिनकोड विसरले की काय मी, ते लाईटबिल आण बघू." चाळीस वर्षं त्याच घरात राहतेय ती! चूक तिची नव्हतीच. जावास्क्रिप्टमध्ये आकडा ओळखायची जी नेहमीची खूण आहे ना, बॅकस्लॅश डी, ती फक्त इंग्रजी शून्य ते नऊ ओळखते, देवनागरी आकडे तिच्या लेखी आकडेच नाहीत. तपासायच्या आधी दहा देवनागरी आकडे इंग्रजीत बदलून घेतले की झालं, चार ओळींचं काम आहे, आणि रकान्याला कोडमध्ये 'इथे फक्त आकडे' अशी खूण, इनपुटमोड न्यूमरिक, दिली असती तर सरळ आकड्यांचा पॅडच उघडला असता.

त्या रात्री तिथेच बसून लेख लिहिला, 'पिनकोडच्या रकान्यात मराठी आकडे का चालत नाहीत'. तो जो फिरला व्हॉट्सॲपवर, की मलाच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परत आला. फक्त माझं नाव नाही, लिंक नाही, अख्खा मजकूर कॉपी केलेला. वाईट वाटलं हो. नावापेक्षा जास्त वाईट याचं, की वाचून कुणाला काही विचारायचं असेल तर तो माझ्यापर्यंत पोचणार कसा? ज्यांनी लिंकच पाठवली त्यांचंही धड नाही, पत्त्यात टक्क्यांची चिन्हं आणि अक्षर-आकड्यांची हातभर माळ, लोकांना वाटतं व्हायरस आहे. आणि ब्राउझरमध्ये नीट दिसते तेव्हा लिंक 'पिनकोडच्या-रकान्यात-मराठ' इथेच संपते, ठीची वेलांटी आणि पुढचं सगळं गायब. हे का होतंय कुणाला माहितीय का?

आता मुख्य प्रश्न. मी इंग्रजीतून आलेलं सगळं बंद करून फक्त मराठी पानांच्या अडचणींवर लिहावं का? कारण ते कुणी लिहीतच नाहीये आणि माझ्याकडे वही भरून मुद्दे पडलेत. एका हॉलच्या साईटवर मोठ्या अक्षरातलं शीर्षक होतं, लाईन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलेली, वरची कड कापलेली, त्यामुळे अनुस्वार आणि रफार दोन्ही उडाले आणि 'मंगल कार्यालय'चं झालं 'मगल कायालय'. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात, हे तर पावलोपावली. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नोंदवलं आणि फाँटमध्ये सोय असली तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. आणि त्याच नोंदीवरून स्क्रीन रीडरला, म्हणजे पान मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळतं की मराठी आवाजात वाचायचंय, म्हणजे ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तो एक शब्द किती मोठा आहे बघा. हे लिहिताना मला वेळेचं भान राहत नाही.

पण भीती ही की विषय इतका लहान केला तर वर्षभरात संपेल, आणि डिझाइन शिकणारी मुलं, ज्यांच्यासाठी सुरू केलं, ती येतील का? शिवाय शीर्षकात 'वापरसुलभता' लिहू की 'युजेबिलिटी'? मला पहिला शब्द मनापासून आवडतो पण गूगलवर काय शोधून लोक आले ते दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये त्यावरून आलेला एकही माणूस दिसत नाही. वाचक परत यावा म्हणून ईमेल यादी करावी की व्हॉट्सॲप चॅनल, ज्यांनी केलंय त्यांनी अनुभव सांगा प्लीज.

भर, दोन दिवसांनी: सगळ्यांचे खूप आभार. लिंकचं कोडं इथल्याच एका सदस्याने सोडवलं. वर्डप्रेस पत्त्यातल्या शीर्षकाच्या भागाला २०० अक्षरांपर्यंतच जागा देतं आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी धरून, त्या टक्क्यांच्या माळेत बदलून तिथे ९ जागा खातं. म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. मी मोजून बघितलं, 'मराठ'मधल्या ठ वर बरोब्बर २०० भरतात! आता पत्ता रोमन लिपीत छोटा करून टाकलाय, जुनी लिंक आपोआप नवीनवर जाते, आईच्या फोनवर तपासलं.

आणि बहुतेकांचं म्हणणं पडलं की मराठी पानांवरच लिही, तर तेच करणार. पुढचा लेख रफारावर. तुमच्या गावच्या दुकानाच्या, शाळेच्या, पतसंस्थेच्या साईटवर अक्षरं अशी कापलेली दिसली तर स्क्रीनशॉट इथे टाका, नाव झाकून, आणि फोन कुठला आहे तेवढं सांगा. चॅनल की ईमेल यावर अजून कुणीच बोललं नाहीये.