ठाण्यातून फोन आला की जावंच लागतं का? समजपत्र, नोटीस, जबाब, अटक

वाचनालय_टेबल

आमच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी मोफत कायदे-मदतीचं टेबल असतं. येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा प्रश्न एकच असतो: "पोलीस ठाण्यातून फोन आला, उद्या दहाला या म्हणाले, जावंच लागेल का?" त्याला जोडून आणखी काही येतातच. घरातल्या बाईला किंवा सत्तरीच्या वडिलांना बोलावलं तर काय? जबाबावर सही करायची का? मोबाईल मागितला तर? आणि उलट बाजूने, आपली तक्रार घेतच नाहीत, तेव्हा काय करायचं?

१ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, पण लोकांच्या तोंडी अजून ४१-अ आणि १६० हीच कलमं आहेत. कलमांचा तक्ता आमच्याकडे आहे. प्रत्यक्ष ठाण्यात कसं वागायचं, कुठे चूक होते, ते हवंय.

फौजदारी_बाजू

आधी एकच गोष्ट विचारायची: कागद कोणता? नुसत्या फोनवरून हजर राहण्याची कायदेशीर सक्ती होत नाही. मात्र फोन टाळत राहणंही चूक. "बोलावूनही आला नाही" अशी नोंद होते आणि पुढे जामिनाच्या वेळी तीच आडवी येते.

आपल्याकडे असे बहुतेक फोन गुन्ह्यातले नसतात, "अर्ज चौकशी"तले असतात. कुणीतरी तक्रारी अर्ज दिलेला असतो: उसने पैसे, भाडेकरू, सोसायटीतलं भांडण, बांधावरून वाद. गुन्हा नोंदलेला नसतो, अर्जाला फक्त आवक क्रमांक पडलेला असतो. अशा वेळी ठाण्याकडून समजपत्र मिळू शकतं. त्यावर अर्जदाराचं नाव, अर्जाचा क्रमांक व तारीख, चौकशी करणाऱ्या अंमलदाराचं नाव आणि बक्कल नंबर, हजर राहायची तारीख-वेळ एवढं असलंच पाहिजे. नसेल तर मागून घ्या.

फोन आल्यावर त्याच दिवशी ठाण्याच्या ईमेलवर किंवा हस्ते असं पत्र द्यायचं:

"आज दि. ___ रोजी दुपारी ___ वाजता ___ या क्रमांकावरून फोन करून मला उद्या हजर राहण्यास सांगण्यात आले. कोणत्या अर्जाच्या अथवा गुन्ह्याच्या संदर्भात व कोणत्या कलमान्वये बोलावले आहे हे मला कळलेले नाही. कृपया तसे लेखी कळवावे. चौकशीत सहकार्य करण्यास मी तयार आहे."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर पत्राचा अर्थ नकार असा लावता येतो. हस्ते देताना दोन प्रती न्या आणि दुसरीवर ठाण्याचा शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही घ्या. सही नुसती "मिळाले" एवढीच असेल तर तारीख-वेळ टाकायला सांगा.

अर्ज चौकशीत सगळ्यात मोठा धोका मारहाणीचा नसतो, तडजोडीचा असतो. "महिन्याभरात पैसे देईन असं हमीपत्र लिहून द्या, प्रकरण मिटवतो" असं सांगितलं जातं. दिवाणी येणं वसूल करण्याचा अधिकार पोलिसांना नाही. तिथल्या तिथे लिहून दिलेलं हमीपत्र किंवा पुढच्या तारखेचा धनादेश नंतर तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येतो: देणं कबूल केलं होतं, मग बुडवलं. "वकिलाला दाखवून कळवतो" म्हणा आणि उठा. चौकशीला आलेल्या माणसाला अडवून ठेवता येत नाही. अडवलं तर ती अटकच झाली आणि मग अटकेचे सगळे नियम लागू होतात.

कलम_आणि_कागद

वरच्यात भर. गुन्हा नोंदला गेला असेल तर बोलावण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत, आणि गल्लत नेमकी इथेच होते.

साक्षीदार म्हणून बोलावणं कलम १७९ खाली (जुनं १६०). आदेश लेखी लागतो, आणि तुम्ही त्या ठाण्याच्या किंवा लगतच्या ठाण्याच्या हद्दीत राहत असला पाहिजे. महिला, १५ वर्षांखालचे आणि ६० वर्षांवरचे पुरुष, दिव्यांग आणि गंभीर आजारी यांना राहत्या जागेखेरीज कुठेही बोलावता येत नाही, जबाब घ्यायला पोलिसांनी घरी यायचं. जुन्या लेखांत ही वयाची अट ६५ दिसेल. आता ती ६० आहे. स्वतःहून ठाण्यात जायची तयारी असेल तर मनाई नाही, पण ती तयारी तुमची हवी.

संशयित म्हणून बोलावणं कलम ३५(३) खाली (जुनं ४१-अ). घरी जबाब देण्याची ही सवलत इथे नाही. "वडील ७० वर्षांचे आहेत, त्यांना बोलावताच येत नाही" असं ठामपणे सांगून लोक ही नोटीस बाजूला ठेवतात आणि तिथेच फसतात. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात, तर कारणं लेखी नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. गेलाच नाहीत, तर न जाणं हेच अटकेचं कारण बनू शकतं. ज्येष्ठांना दुसरं संरक्षण आहे, ३५(७): गुन्ह्याची शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असेल आणि व्यक्ती अशक्त किंवा ६० वर्षांवरची असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक नाही.

ही ३५ ची नोटीस व्हॉट्सअॅपवर चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ते स्पष्ट केलं आणि नंतर बदलायला नकार दिला. तरीही व्हॉट्सअॅपवर आली तर गप्प बसू नका: "संदेश पाहिला, नियमानुसार प्रत द्यावी, हजर राहण्यास तयार आहे" असं उत्तर देऊन ठेवा. तारीख जमत नसेल तर कारण आणि पर्यायी तारीख लेखी कळवा, सोबत दवाखान्याचा कागद किंवा तिकीट जोडा.

आणि व्हिडिओ कॉलवर गणवेश घालून "तुम्हाला डिजिटल अटक केली आहे" सांगणारा माणूस पोलीस नाही, भामटा आहे. असली अटक कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० लावा.

जबाबनीस

सहीबद्दल.

तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. कलम १८१ मध्ये (जुनं १६२) तसं थेट लिहिलंय. अर्ज चौकशीतल्या जबाबावर मात्र सही घेतात, आणि तिथे ही तरतूद पुढे करून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा स्वतःच लिहून न्या. मुद्देसूद, तारखांसह, एक-दोन पानं. ठाण्यात टाइप केलेल्या जबाबात "समक्ष विचारले वरून सांगतो की" अशा सुरुवातीनंतर पुढची भाषा तुमची नसते. "मी रागाच्या भरात" हे तीन शब्द कुठून आले ते सही करून झाल्यावर विचारून उपयोग नाही. प्रत्येक पान वाचा, मोकळ्या जागेवर रेघ मारा, चूक असेल तिथे दुरुस्त करून आद्याक्षरी करा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही.

स्वतःला गुन्ह्यात गोवणारं उत्तर देण्याची सक्ती नाही. संविधानाचा अनुच्छेद २०(३) आणि १९७८ चा नंदिनी सत्पथी निकाल पोलीस चौकशीलाही लागू आहेत. पण हे संरक्षण प्रश्नागणिक आहे. नाव, पत्ता सांगायला नकार देऊ नका.

मोबाईल: नुसता "दाखवा बरं" म्हणून गॅलरी किंवा चॅट उघडायला लावता येत नाही. तपासासाठी हवा असेल तर कलम १०६ खाली जप्त करावा लागतो. जप्ती पंचनाम्यात आयएमईआय क्रमांक, सिम, काचेला तडा असेल तर तोही लिहिलेला हवा, फोन पंचांसमोर सीलबंद झाला पाहिजे, आणि कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. पंचनाम्याची प्रत मागा. पासवर्डची सक्ती करता येते का यावर न्यायालयांत एकमत नाही, म्हणून तो मुद्दा वकिलावर सोडा. फोन परत मिळवायला दंडाधिकाऱ्यांकडे कलम ५०३ खाली अर्ज करायचा, जुन्या भाषेत ४५७ चा. खटला न्यायालयात उभा राहिल्यावर तोच अर्ज ४९७ खाली. बिल आणि आधारची प्रत जोडा, बिलाअभावी हे अर्ज लटकतात.

फौजदारी_बाजू

अटक झालीच तर घरच्यांनी पहिल्या दोन-तीन तासांत काय करायचं, तेही सांगतो, कारण पुढचं सगळं तिथे ठरतं.

अटकेची नेमकी वेळ लिहून ठेवा. २४ तासांत (प्रवासाचा वेळ वगळून) दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावं लागतं, आणि घड्याळ माणसाला अडवलं तेव्हापासून धावतं, ठाण्यात नोंद झाली तेव्हापासून नाही. दुपारी बाराला नेलं आणि अटक रात्री नऊची दाखवली, असं घडतं. अशा वेळी नेताना पाहिलेल्याचं नाव, सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण, पोलिसांच्या नंबरला गेलेले फोन कामी येतात. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे, चित्रण १८ महिने ठेवायचं. ते जपून ठेवा असा अर्ज लगेच द्या, नंतर "यंत्र बंद होतं" हे उत्तर तयार असतं.

अटकेचा मेमो कलम ३६ प्रमाणे साक्षीदाराच्या सहीने होतो, नातेवाइकाला कळवावंच लागतं. अटकेची कारणं लेखी आणि आरोपीला कळणाऱ्या भाषेत द्यायची, निदान रिमांडच्या दोन तास आधी, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सगळ्याच गुन्ह्यांना लागू केलं. नुसते कलमांचे आकडे म्हणजे कारणं नव्हेत. सूर्यास्तानंतर महिलेला अटक अपवादात्मक परिस्थितीतच, तीही महिला अधिकाऱ्यामार्फत आणि दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीने.

आता एक बारीक गोष्ट, जिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पहिल्या रिमांडला दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" आरोपी घाबरून मान हलवतो आणि नोंद होते: तक्रार नाही. मार बसला असेल तर नंतर हीच ओळ सगळ्या अर्जांवर पाणी फिरवते. घरच्यांनी आणि वकिलाने आधी सांगून ठेवायचं: झालं असेल ते त्याच क्षणी सांगायचं, कुठे लागलं ते दाखवायचं, वैद्यकीय तपासणी मागायची.

वकील नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथल्या लोकअभिरक्षक कार्यालयाचे वकील मोफत उभे राहतात. कोठडीतल्या कुणालाही ही सेवा मिळते, उत्पन्नाची अट नाही. तसंच सर्व महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना. हेल्पलाइन १५१००. बेकायदा डांबून ठेवलंय आणि माणूस समोर आणत नाहीत, तर थेट उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोव्यात पर्वरी आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, जवळचं बघा.

कलम_आणि_कागद

तक्रार घेत नाहीत त्याबद्दल.

आधी काय दिलंय ते तपासा. लोक "तक्रार केली" म्हणतात तेव्हा हातात बहुधा अर्जाची पोच किंवा एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) असते. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) असेल तरच गुन्हा नोंदलेला. साधी दुखापत (नव्या भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे पूर्वीच्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचं, ११५(२)) आणि शिवीगाळ (३५२) अदखलपात्र आहेत, त्यात दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. त्यामुळे एनसी दिली म्हणजे दर वेळी टाळाटाळच असते असं नाही. हाड मोडलं असेल, हत्यार असेल, तर मात्र दवाखान्याचा दाखला दाखवून एनसी नाकारा.

दखलपात्र गुन्हा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. हद्द कुणाचीही असो, नोंद घ्यावी लागते. ईमेलने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची, नाहीतर ती नोंद होत नाही. प्रत मोफत. तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकाच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, म्हणून "चौकशी सुरू आहे" सांगितलं तर परवानगीची तारीख विचारा. नकार मिळाला तर तोच मजकूर अधीक्षकांना (आयुक्तालयात उपायुक्तांना) स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंग कागद जपा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे १७५(३) खाली अर्ज, शपथपत्रासह. अधीक्षकांची पायरी वगळून थेट कोर्टात गेलेले अर्ज याच कारणाने परत येतात.

जातीवरून अत्याचार झाला असेल तर चित्र वेगळं: ॲट्रॉसिटी कायद्याच्या १८-अ प्रमाणे गुन्हा नोंदवायला प्राथमिक चौकशी लागत नाही, तपास उपअधीक्षक दर्जाखाली जात नाही. "आधी चौकशी करू" हे उत्तर तिथे मान्य करू नका, वरिष्ठांकडे लगेच लेखी जा.

वाचनालय_टेबल

पत्राचा नमुना टेबलावर लावतो. एक राहिलं: मंत्र्यांच्या दौऱ्याआधी कार्यकर्त्यांना "१४९ ची नोटीस" येते, ती घ्यायची का? आणि ठाण्यात मोबाईलवर चित्रण केलेलं चालतं का?

फौजदारी_बाजू

ती आता १६८. घ्या, सही करताना "मजकूर मान्य नाही, प्रत मिळाली" लिहा. ती इशारा आहे, शिक्षा नाही. तिच्यावरून दिवसभर ठाण्यात बसवून ठेवता येत नाही. १७० खाली (जुनं १५१) प्रतिबंधक अटक केली तर २४ तासांची मर्यादा तिथेही आहे. १२६ ची चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) वेगळी, तिच्यात १३० खालचा लेखी आदेश आधी मागायचा. कशाबद्दल, किती रकमेचा आणि किती मुदतीचा बंधपत्र हवा, हे त्यात नसेल तर पहिल्याच तारखेला लेखी हरकत घ्या.

चित्रणाबद्दल: पोलीस ठाणं हे शासकीय गुपितं कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, असं नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटलंय. पण फोन तोंडासमोर धरून वाद घालू नका. झटापट झाली की सरकारी कामात अडथळा (पूर्वीचं ३५३, आता न्याय संहितेचं १३२) लावतात, आणि मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. सोबत एक माणूस न्या, बाहेर आल्यावर दोघांनी वेळेसह टिपण करा आणि त्याच रात्री स्वतःलाच ईमेल करून ठेवा, म्हणजे तारीख बदलता येत नाही.