क्रॉप फॅक्टरला मराठीत काय म्हणावे?

पंचवटीकर
आमच्या नाशिकच्या छायाचित्रण मंडळातील काही सभासद क्रॉप सेन्सरच्या (लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावरून फुल फ्रेमकडे (३६ × २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरकडे) वळत आहेत. जुन्यांपैकी कोणत्या लेन्स ठेवाव्यात आणि कोणत्या विकाव्यात, याविषयी मी त्यांच्यासाठी एक मराठी टिपण लिहीत आहे. मोबाइलवरील भाषांतराने ‘क्रॉप फॅक्टर’चे ‘पीक घटक’ असे करून दिले, आणि द्राक्षे-कांद्याच्या या जिल्ह्यात तो शब्द वाचणारा भलतीकडेच जाईल. म्हणून मी ‘कातर-गुणक’ असा शब्द योजला. तो एका ज्येष्ठ सभासदांनी खोडला. त्याच टिपणात ‘५० ची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर ७५ ची होते’ असे वाक्य आहे. शब्द आणि वाक्य, दोन्हींविषयी मत हवे आहे.

शब्दसाधक
‘गुणक’ हा भाग निर्दोष आहे. शालेय गणितात ‘फॅक्टर’ला आपण ‘अवयव’ म्हणतो, परंतु येथे लेन्सच्या आकड्याला १.५ ने किंवा कॅननच्या बाबतीत १.६ ने गुणायचे असल्यामुळे ‘गुणक’च हवा. आक्षेप आहे तो ‘कातर’ला. लेन्स आपले प्रकाशवर्तुळ पूर्णच टाकते. लहान सेन्सर त्यातला मधला तुकडा तेवढा घेतो, त्यामुळे कातरले कोणी आणि काय, हे त्या शब्दातून कळत नाही.

गंगाकाठ
माझ्या मते खरी अडचण ‘होते’ या क्रियापदात आहे. लेन्सचे नाभीय अंतर (फोकल लेंथ, म्हणजे ‘५० ची लेन्स’ यातले ५० मिमी) तिच्या रचनेने ठरते. कॅमेरा बदलल्याने ५० चे ७५ होत नाहीत. बदलतो तो दृश्यकोन: ३६ × २४ मिमीच्या सेन्सरवर ५० ची लेन्स कर्णरेषेत सुमारे ४७ अंश दाखवते, तर क्रॉप सेन्सरवर सुमारे ३२. म्हणून ‘५० ची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर ७५ एवढेच दाखवते’ असे लिहावे. हा शब्दच्छल नाही. ‘होते’ असे शिकलेला माणूस फुल फ्रेम घेतल्यावर आपली ३५ ची लेन्स नेहमीच्या वापरासाठी तशीच ठेवतो, आणि काळाराम मंदिराच्या परिसरात माणसांची छायाचित्रे काढताना चौकटीत अनावश्यक पसारा का येतो, हे त्याला उमगत नाही. त्याला आता ५० हवी असते.

अनुवादिका
‘नाभीय अंतर’ शाळेत चालते, मग कॅमेऱ्याशी त्याचे वावडे का, हे मला कधीच समजलेले नाही. ‘फोकस’ म्हणजे लॅटिनमध्ये चूल. केप्लरने १६०४ मध्ये तो शब्द प्रकाशशास्त्रात आणला. ‘लेन्स’ तर मसुरीच्या दाण्यावरून आला आहे. त्यांनी घरातल्या वस्तूंवरून शास्त्रीय संज्ञा घडवल्या आणि आपण ‘भिंग’ म्हणायलाही संकोचतो.

शब्दसाधक
ताई, ‘भिंग’ अवश्य वापरावे, पण योग्य जागी. साध्या ५० मिमीच्या लेन्समध्येही सहा-सात भिंगे असतात. आतल्या प्रत्येक काचेला भिंग आणि त्या सर्वांच्या नळकांड्याला लेन्स म्हटले, तर दोन्ही शब्दांना काम मिळते आणि वाक्यही स्पष्ट होते.

पंचवटीकर
हा भेद मी टिपणात घेतो. आणखी एक वाक्य पाहावे: ‘क्रॉपसाठी बनवलेल्या लेन्स फुल फ्रेमला पुरत नाहीत.’ फुल फ्रेम सेन्सरचा कर्ण सुमारे ४३ मिमी, क्रॉपचा सुमारे २८. लेन्सचे प्रकाशवर्तुळ लहान पडले की कोपरे काळे येतात. एका सभासदांना ‘पुरत नाहीत’ हे बोलीतले वाटते.

गंगाकाठ
चादर पलंगाला पुरत नाही, तसेच हे वर्तुळ सेन्सरला पुरत नाही. याहून नेमके क्रियापद मराठीत सापडणार नाही. मात्र टिपणात पुढची माहिती हवीच. कॅननची क्रॉपसाठीची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम डीएसएलआरवर बसतच नाही. निकॉनची क्रॉपसाठीची डीएक्स बसते, पण कॅमेरा आपोआप मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० उरतात.

सिन्नरकर
माझा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. नांदूरमध्यमेश्वरला मी ३०० च्या लेन्सने पक्षी टिपतो. फुल फ्रेम घेतल्यास त्या लेन्सचा ‘रीच’ (लांबचे मोठे टिपण्याची क्षमता) कमी होणार, असे सगळे सांगतात.

अनुवादिका
‘रीच’ला ‘पल्ला’ हा अस्सल शब्द आहे. लेन्सचा पल्ला घटतो, असे सरळ म्हणता येईल.

गंगाकाठ
शब्द उत्तम आहे, पण लेन्सचा पल्ला घटत नाही. सेन्सरवर उमटणारी पक्ष्याची प्रतिमा दोन्ही कॅमेऱ्यांत तेवढ्याच आकाराची असते. फरक पडतो तो तिच्या वाट्याला किती पिक्सेल येतात याचा. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपवरून २४ च्याच फुल फ्रेमवर गेल्यास पक्ष्यावरचे पिक्सेल निम्म्याहून कमी होतात. ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममध्ये मात्र क्रॉपएवढ्या भागावर सुमारे १९ मिळतात, तेव्हा तोटा थोडा असतो.

शब्दसाधक
मग ‘पल्ला’ लेन्सचा मानायचा की लेन्स व सेन्सर या जोडीचा? माझ्या मते जोडीचा.

अनुवादिका
व्यवहारात माणूस हातातल्या लेन्सविषयीच बोलतो. वापर जिकडे जातो तिकडे शब्दाने जावे.

सिन्नरकर
पल्ला कोणाचाही असो, निर्णय मला याच हिवाळ्यात घ्यायचा आहे. कॅमेरा निकॉनचाच राहील. २००–५०० एफ ५.६ घ्यावी की १५०–६००? (एफचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी.) पहाटेच्या धुक्यात दुसरीचे ६०० वरचे एफ ६.३ पुरेल का?

गंगाकाठ
५.६ आणि ६.३ मध्ये तिसरा हिस्सा स्टॉपचाच फरक आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश), आणि मोठ्या सेन्सरवर आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून तो सहज भरून निघतो. मी वजन पाहीन: २००–५०० दोन किलोंच्या वर आहे, आणि ६०० मिमीच्या लेन्सही दोन किलोंच्या आसपास किंवा त्याहून जड आहेत. निरीक्षण मनोऱ्यावर ट्रायपॉड ठेवणार की हातात धरणार, ते आधी सांगा.